कोणते गाणे पाठवावे?

काही वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता धर्मप्रांताच्या कचेरीतून एक परिपत्रक आले. नाताळापूर्वी भक्तिगीतांची स्पर्धा घ्यावयाची असून प्रत्येक धर्मग्रामाने आपले एकच गीत पाठवावे, असा त्यातील मजकूर होता. परिपत्रक वाचून मी ते टेबलावर पेपरवेटखाली ठेवले आणि पुढच्या कामाला लागलो. एक गीत निवडणे ही काही फार मोठी बाब आहे, असे तेव्हा मला वाटले नाही.

पुढच्याच रविवारी मिस्सानंतर दोन गीते पुढे आली. पहिले आमच्या गायकवृंदाने बसवलेले होते. चार आवाजांची मांडणी, कीबोर्ड, दोन गिटार, आणि स्वर इतके जुळलेले की ऐकणाऱ्याने मान डोलवावी. दुसरे गीत एका काकांचे होते. काका मूळचे नगर जिल्ह्यातले. तरुणपणी कामाच्या शोधात कोल्हापुरात आले आणि शिरोलीच्या एका फौंड्रीत त्यांनी आयुष्य काढले. १ मे रोजी कामगार संत जोसेफ यांचा सण असतो, त्या दिवसासाठी त्यांनी स्वतः हे गीत रचले होते. नाझरेथचा सुतार आणि भट्टीपाशी उभा असलेला ओतारी यांचे बोलणे त्यात होते. चाल भजनी, साथीला पेटी, ढोलकी आणि झांज. काकांचा आवाज भट्टीच्या धुराने जरा घोगरा झालेला. पण ते गाऊ लागले की मागच्या बाकांवर बसणारी कामगार मंडळी आपोआप धृपद उचलीत.

निवडीसाठी आम्ही पाचजण बसलो. दोन मते गायकवृंदाकडे गेली, दोन काकांकडे. पाचवे मत माझे होते. मी विचार केला तो असा: परीक्षक कोण असतील? त्यांना काय आवडेल? ढोलकी-झांज ऐकून 'हे तर नेहमीचेच भजन' असे तर ते म्हणणार नाहीत ना? मी माझे मत गायकवृंदाला दिले. काका दाराशी उभे होते. "बरं फादर, पोरं चांगली गातात," एवढेच ते म्हणाले आणि पेटी उचलून घरी गेले.

त्या दिवसापासून 'कोणते गाणे पाठवावे?' हा प्रश्न मनाला जो चिकटला, तो आजतागायत सुटलेला नाही. पुढे वाचता वाचता ध्यानात आले की, हा प्रश्न माझ्या लहानशा धर्मग्रामापुरता नाही. मोठमोठी राष्ट्रेही त्यापाशी अडखळलेली आहेत.

सेमिनरीत आम्हांस संगीत शिकवणारे एक वृद्ध युरोपीय फादर होते. त्यांनी आम्हांला प्रथम युरोव्हिजन या गीतस्पर्धेविषयी सांगितले. १९५६ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो शहरी ती सुरू झाली. पहिल्या वर्षी सात देश होते आणि प्रत्येकाने दोन दोन गीते आणली होती. पुढील वर्षापासून एका देशाचे एकच गीत, असा नियम झाला. ते एक गीत कसे निवडायचे, हे मात्र ज्या त्या देशाच्या प्रसारण संस्थेवर सोपवलेले असते. इटलीत १९५१ पासून सानरेमो येथे गीतमहोत्सव भरत होता. युरोव्हिजनची कल्पनाच मुळात त्यावरून सुचली, आणि इटलीने आपली निवडही बहुधा तेथूनच केली. काही देश मोठी राष्ट्रीय स्पर्धा घेऊन लोकांचा कौल मागतात. काही ठिकाणी चार अधिकारी बंद खोलीत बसून निर्णय घेतात. भाषेचा वादही आलाच. आपल्याच राष्ट्रभाषेत गावे असे बंधन काही काळ होते. १९९९ पासून ते उठले, आणि मग अनेक देश इंग्रजीतून गाऊ लागले. अधिक लोकांना कळावे, हा हेतू. एक नियम मात्र मला फार शहाणपणाचा वाटतो: दुसऱ्या वर्षापासून कोणत्याही देशाला स्वतःच्या गीताला मत देता येत नाही.

आमचे ते वृद्ध फादर एक इटालियन गीत सदैव गुणगुणत. दोमेनिको मोदुन्यो या गायकाचे ते गीत १९५८ साली सानरेमोत पहिले आले व इटलीने ते युरोव्हिजनला पाठवले. तेथे त्याला तिसरा क्रमांक मिळाला. पुढील वर्षी अमेरिकेत ग्रॅमी पुरस्कार प्रथमच दिले गेले, तेव्हा त्यांतील दोन प्रमुख पुरस्कार याच गीताने पटकावले. त्या वर्षीचे पहिले गीत कोणते, असे आम्ही विचारले की फादर हसत आणि म्हणत, "ते कोणाला आठवते?"

भारत त्या स्पर्धेत नाही. मात्र आपला देशही दरवर्षी जगापुढे आपली एक कलाकृती ठेवतो, आणि त्या निवडीवरून दरवर्षी आपल्याकडे वाद रंगतात. मी म्हणतो ती ऑस्करसाठी होणारी चित्रपटाची निवड. इंग्रजीखेरीज अन्य भाषांतील चित्रपटांच्या विभागात एका देशाने एकच चित्रपट पाठवायचा, असा तेथील नियम वर्षानुवर्षे राहिला आहे. आपल्याकडे हे काम फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया ही चित्रपट व्यावसायिकांची संस्था करते. निर्माते आपापले चित्रपट तिच्याकडे धाडतात. संस्था दरवर्षी नवी परीक्षक समिती नेमते. समितीचे सदस्य थोड्याच दिवसांत ते सारे चित्रपट पाहतात आणि एका नावावर येतात. २०२४ साली तेरा परीक्षकांपुढे २९ चित्रपट होते. मराठी, मल्याळम, तमिळ, हिंदी, आसामी... एवढ्या भाषांच्या देशाचा आवाज एका चित्रपटात कसा मावणार? परीक्षकांच्या जागी आपण आहोत अशी कल्पना करून पाहावी. मी तर दोन गीतांमध्येच अडखळलो होतो.

कोल्हापुरात राहणाऱ्याला या विषयाची ओढ वाटावी, यात नवल नाही. या नगरीला 'कलापूर' म्हणतात ते उगीच नव्हे. बाबूराव पेंटरांनी येथे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ साली येथेच प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. १९३३ साली ती पुण्यास गेली. त्याच प्रभातच्या विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल या जोडीने १९३६ साली 'संत तुकाराम' हा चित्रपट दिला. तो मराठी माणसासाठी काढलेला होता, आणि मराठी माणसाने तो असा काही उचलून धरला की मुंबईत एकाच चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली तो व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गेला आणि तेथे त्याचा गौरव झाला. इटलीतील त्या परीक्षकांना देहूचा वाणी, इंद्रायणीचा काठ, टाळ-मृदंग यांतील काय ठाऊक होते? तरीही त्यांना तो भिडला. याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी एक पद असे रचले, की ते तुकोबांचाच अभंग आहे अशी अनेकांची समजूत झाली. ज्या कवीची रचना लोक संताची म्हणून गातात, त्याला आणखी कोणते पारितोषिक हवे?

भारतातर्फे ऑस्करसाठी गेलेल्या चित्रपटांत आजवर मराठी चित्रपट तीनच: २००४ साली संदीप सावंत यांचा 'श्वास', २००९ साली परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि २०१५ साली चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'.

'श्वास' आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. कोकणातील एका आजोबांना कळते की नातवाच्या डोळ्यांत कर्करोग आहे. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, दृष्टी मात्र जाईल. डोळे जाण्याआधी आजोबा त्या मुलाला जग दाखवायला नेतात. 'श्यामची आई'नंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी राष्ट्रीय पुरस्कारांतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान या चित्रपटाने मराठीला मिळवून दिला. पण देशाने निवड केली म्हणजे काम संपत नाही. अमेरिकेत खेळ लावायचे, जाहिराती द्यायच्या, परीक्षकांना चित्रपट पाहायला आणायचे. या साऱ्याला पैसा लागतो, आणि तो निर्मात्यांपाशी नव्हता. तेव्हा महाराष्ट्रात काय घडले ते पुष्कळांना आठवत असेल. सरकारने मदत दिली, नाटकवाल्यांनी प्रयोगाचे उत्पन्न दिले, नाशिकच्या शाळकरी मुलांनी पणत्या करून विकल्या. चित्रपटाला अंतिम पाचांत स्थान मिळाले नाही. तरीही निवड चुकली असे मला कोणी म्हणताना ऐकू आले नाही. मुलांनी पणत्या विकल्या त्या बक्षिसाच्या खात्रीने नव्हेत. 'हे आमचे आहे' असे त्यांना वाटले म्हणून.

'कोर्ट'ची गोष्ट याहून वेगळी. त्यात एक गाणेच आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. मुंबईतील एक वृद्ध लोकशाहीर वस्तीत पोवाडे गातो. त्याचे गाणे ऐकून गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने जीव दिला, असा आरोप त्याच्यावर ठेवला जातो, आणि खटला तारखांमागून तारखा चालत राहतो. शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार हे स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते. २०२१ साली कोरोनाने त्यांचे निधन झाले. २०१५ च्या निवड समितीचे अध्यक्ष अमोल पालेकर होते. वाद तेव्हाही झाला आणि एका सदस्याने राजीनामाही दिला. मला मोल वाटते ते या गोष्टीचे की, ज्या चित्रपटात आपल्याच न्यायव्यवस्थेची संथ, थकलेली पावले दाखवली आहेत, तोच देशाने आपला प्रतिनिधी म्हणून पुढे केला. पाहुण्यांपुढे घराचा दिवाणखानाच दाखवावा, असा आपला स्वभाव. येथे मागची खोलीही उघडली गेली.

दरवेळी असे घडतेच असे नाही. २००७ साली निवडीविरुद्ध एका दिग्दर्शिकेने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती. परीक्षकांचे निवडलेल्या चित्रपटाशी लागेबांधे आहेत, असे तिचे म्हणणे होते. २०१३ साली 'द लंचबॉक्स' मागे राहिला तेव्हा पुष्कळांना हळहळ वाटली. मुंबईच्या डबेवाल्याच्या चुकीतून जुळलेली ती पत्रमैत्री, आणि वांद्र्याच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत एकटाच राहणारा तो विधुर साजन फर्नांडिस! इरफान खान यांनी उभा केलेला तो माणूस आपल्या चर्चच्या तिसऱ्या बाकावर बसणारा कोणीतरी असावा, असे मला वाटले होते. त्या वर्षी निवड झाली ती ज्ञान कोरिया यांच्या 'द गुड रोड' या गुजराती चित्रपटाची. ऑस्करला गेलेला तो पहिला गुजराती चित्रपट. त्या भाषेला कधीतरी संधी मिळायला नको काय, असेही कोणी म्हणेल; आणि तेही खोटे नाही.

२०२४ सालचा प्रसंग तर याहून बोलका आहे. पायल कपाडिया यांच्या 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट' या चित्रपटाला त्या वर्षी कान महोत्सवात ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा मोठा सन्मान मिळाला होता. मल्याळी परिचारिका, मुंबईचा पाऊस, आणि शेवटी रत्नागिरीचा किनारा. समितीने निवडला तो मात्र किरण राव यांचा 'लापता लेडीज'. पहिला चित्रपट भारतात घडणाऱ्या युरोपीय चित्रपटासारखा वाटला, असे परीक्षकांचे मत फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितले. गंमत अशी की, आपल्या छाया कदम दोन्ही चित्रपटांत आहेत. निवडलेल्यातही आणि वगळलेल्यातही. त्याच वर्षी ब्रिटनने आपला चित्रपट म्हणून 'संतोष' हा संध्या सुरी यांचा हिंदी चित्रपट पाठवला. डिसेंबरात पंधरा चित्रपटांची यादी लागली, तेव्हा ब्रिटनचा हिंदी चित्रपट त्यात होता आणि भारताचा नव्हता!

'लापता लेडीज' मला आवडला. परीक्षकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. मला प्रश्न पडतो तो दुसराच. 'हे पुरेसे भारतीय आहे काय?' याचे उत्तर कोणी द्यायचे? मुंबईत रात्रपाळी करून लोकलने घरी जाणाऱ्या परिचारिकेचे जिणे भारतीय नव्हे, तर मग कोणाचे? मी ढोलकीचे गीत वगळले तेव्हा 'हे फारच गावठी' असा विचार माझ्या मनात होता. कोणाला वाटले, 'हे फारच परके.' दोन्ही वेळा आपण गाणे बाजूला ठेवतो आणि मनातला एक साचा हाती घेतो. काकांनी मला एकदा सांगितले होते, साच्यात वाळू नीट दाबली नाही तर ओतकाम पोकळ निघते; पण साचाच चुकीचा असला तर धातू कितीही चोख असून उपयोग नाही.

आणि गाण्यांचे काय? ऑस्करमध्ये गीतासाठीही एक विभाग आहे. त्यात देशाची निवड नसते. चित्रपट तेथील नियमांप्रमाणे प्रदर्शित झाला की निर्माते गीत थेट दाखल करू शकतात. संगीत विभागाचे सदस्य नामांकने ठरवतात आणि मग सर्व सदस्य मत देतात. २००९ साली ए. आर. रहमान यांच्या 'जय हो' या गीताला तो पुरस्कार मिळाला. तो चित्रपट ब्रिटिश दिग्दर्शकाचा होता, भारताने पाठवला होता 'तारे जमीन पर'. २०२३ साली 'आरआरआर' या तेलुगू चित्रपटातील 'नाटू नाटू' हे गीत पहिले आले. संगीत एम. एम. कीरवाणी यांचे, शब्द चंद्रबोस यांचे. भारतीय चित्रपटातील गीताला हा मान प्रथमच मिळाला. त्या वर्षीही देशाची अधिकृत निवड वेगळी होती: पॅन नलिन यांचा 'छेल्लो शो'. म्हणजे देशाने ज्यांना पाठवले नव्हते, ती दोन्ही गाणी आपल्या पायांनी चालत गेली. 'नाटू नाटू' तर अस्सल तेलुगू ठेक्याचे. परदेशी माणसाला एक शब्द कळू नये असे. ते कळावे म्हणून त्याचा ठेका कोणी बदलला नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेचा आरंभही असाच आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडहून आलेले जेजुइट. १६१६ साली गोव्यात त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. युरोपचे छंद त्यांच्या कानांत लहानपणापासून असणार. पण लिहायला बसले तेव्हा त्यांनी ओवी घेतली. परक्या माणसाला जे चारशे वर्षांपूर्वी उमगले, ते ढोलकीच्या आवाजात वाढलेल्या मला पाचवे मत देताना उमगू नये?

आता त्या स्पर्धेचा निकाल सांगायचा राहिला. आमच्या गायकवृंदाला दुसरे पारितोषिक मिळाले. मुले आनंदाने नाचत परतली. आम्ही बेकरीतून केक आणला. करंडक अजून कपाटात आहे. मुलांनी मेहनत केली होती आणि ते पारितोषिक त्यांचे हक्काचे होते, याविषयी मला शंका नाही. परीक्षकांना काय आवडेल याचा माझा अंदाजही बरोबर ठरला. परंतु ते गीत त्यानंतर आमच्या चर्चमध्ये क्वचितच गायले गेले. ते चार आवाज पुण्या-मुंबईला नोकऱ्यांसाठी निघून गेले. काकांनी मात्र त्या दिवसानंतर पेटी चर्चमध्ये आणली नाही. मिस्साला येत, मागच्या बाकावर बसत, हसून "फादर, नमस्कार" म्हणत. मी कधी विषय काढला नाही. निवृत्तीनंतर ते मुलीकडे नगर जिल्ह्यात गेले. पुढच्या १ मे रोजी कामगार मंडळींनी ते गीत म्हणायला घेतले, तेव्हा धृपदाच्या पुढे कोणालाच काही येईना.

गेल्या वर्षी एका बैठकीसाठी मला नगरकडे जावे लागले, तेव्हा मी काकांचे घर शोधत गेलो. थकले आहेत, डोळ्यांना कमी दिसते. चहा झाल्यावर मी म्हणालो, "काका, ते जोसेफचं गाणं पाहिजे होतं." ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वही घर बदलताना गेली, फादर. आठवतंय तेवढं म्हणतो." पेटी नव्हती. मांडीवर ठेका धरून त्यांनी पहिले कडवे म्हटले, तिसरे म्हटले. दुसरे आठवेना. पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिले. तेथे आले की थांबत. नातवाने ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले. निघताना मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुम्ही पोरांचं गाणं पाठवलं ते बरोबरच केलं. पण माझं एकदा नीट ऐकून घ्यायला पाहिजे होतं."

त्यांचे म्हणणे तेवढेच होते. मी ऐकताना परीक्षकांच्या कानांनी ऐकले होते. माझ्या स्वतःच्या नव्हे, आणि मागच्या बाकावर धृपद धरणाऱ्यांच्या तर नव्हेच.

सध्या आमची मुले ते गीत शिकत आहेत. पहिले कडवे आणि तिसरे. गोकुळ शिरगावच्या कारखान्यात कामाला लागलेला एक तरुण दुसरे कडवे रचून पाहतो, असे म्हणतो. काकांना फोनवरून ऐकवल्याशिवाय ते पक्के करायचे नाही, असे ठरले आहे. काल धर्मप्रांताच्या कचेरीतून पुन्हा एक परिपत्रक आले. प्रत्येक धर्मग्रामाने आपले एकच गीत पाठवावे. ते मी या खेपेस पेपरवेटखाली ठेवलेले नाही; चर्चच्या दाराशी लावले आहे, आणि खाली लिहिले आहे की, येत्या रविवारी मिस्सानंतर सर्वांनी थांबावे, सगळी गीते आपण सारे मिळून ऐकू. निवडीचे ते नंतर पाहू.